सहा हजार एकशे तेवीस मीटर

बरोबरीच्या चिन्हाइतकी न्यायी गोष्ट माणसाच्या हातून दुसरी घडलेली नाही, असं प्राध्यापक कारभारी अहिरे गेली सव्वीस वर्षं दर जुलैत, पहिल्या तासाला, खडू हातात धरून सांगत आले होते. हे वाक्य झालं की ते क्षणभर थांबत. त्या थांबण्याच्या जागेत मागच्या बाकावर कुणीतरी डब्याचं झाकण उघडत असे आणि न्यायाची कल्पना लसणाच्या चटणीच्या वासात मिसळून पुढच्या बाकांपर्यंत पोचत असे. अहिरे सरांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. वाक्य त्यांच्या स्वतःसाठी होतं. मुलांसाठी नोट्स होत्या. निळ्या कव्हरच्या, एकशे चौऱ्याऐंशी पानांच्या, कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वर्षभर मिळणाऱ्या. मुलं त्यांना 'अहिरे' एवढंच म्हणत. 'अहिरे दे', 'अहिरे हरवलाय', 'अहिरेवर चहा सांडला' अशी वाक्यं व्हरांड्यातून कानावर आली की सरांना आपण एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी आहोत असं वाटायचं, आणि ते त्यांना आवडायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रोहिणीला, म्हणजे बायकोला, न सांगताच कळलेलं होतं.

त्या गुरुवारी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सव्वाअकराच्या सुमाराला वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे घडलं ते इतकं लहान होतं की दुसऱ्या कुणाला ते घडल्याचं कळलंही नसतं. शेडमध्ये मुलांची रेसची गाडी उभी होती. गाडी म्हणजे अजून नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, मागे मोटारसायकलचं इंजिन आणि इंजिनाच्या वर, हवेत, कुठेच न टेकलेली, दोरीने छताला टांगलेली एक विंग. विमानाचा पंख उलटा केला की तो उचलण्याऐवजी दाबतो. गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहावी म्हणून हा उलटा पंख. तो सांगाड्याला ज्या दोन दांड्यांनी धरून ठेवायचा त्या दांड्या अजून व्हायच्या होत्या. किती जाड करायच्या हे विंगवर किती किलोचा दाब येतो त्यावर ठरणार होतं. त्याचा हिशेब अहवालात लिहून, त्याखाली मार्गदर्शक म्हणून अहिरे सरांनी सही करून, तो अहवाल चार वाजेपर्यंत स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवायचा होता. त्या दोन दांड्या जिथे येणार होत्या त्याच्या बरोबर पुढे, पंखाच्या सावलीत, स्नेहल बसली होती. तीच गाडी चालवणार. तिच्या पाठीचं माप घेणं चाललं होतं म्हणून ती हलत नव्हती, फक्त बोलत होती.

"सर, एक अडचण आहे," नाझिया अन्सारी म्हणाली. तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सॉल्व्हर, उघडं होतं. "माझी नाही. सॉल्व्हरची."

"त्याला काय झालं?"

"ते म्हणतंय, आपली गाडी सहा हजार एकशे तेवीस मीटर उंचीवर पळतेय."

"कुठे?"

"इथेच, सर. म्हणजे, नोट्समधला आकडा धरला तर."

"तरीच मला दम लागतो," सांगाड्यातून स्नेहल म्हणाली.

सर हसले. हसताना त्यांना आपला चेहरा जरा उशिरा हसतोय असं जाणवलं, बँकेच्या काउंटरवर सही जुळत नाही म्हटल्यावर हसावं तसा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. समीकरणं एकाखाली एक होती, त्यांच्याच पुस्तकातली. आणि उजवीकडच्या चौकटीत, दाब, वेग, क्षेत्रफळ यांच्या रांगेत, अगदी साध्या अक्षरात, उंची: ६१२३ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली, तिच्यावर आणखी एक ठेवली, तरी पोहोचायला वाट उरते अशा ठिकाणी आपलं कॉलेज आहे, हे त्या यंत्राने कसलाही आरडाओरडा न करता, विचारलं म्हणून सांगितलं होतं. "सॉफ्टवेअरला अनुभव नसतो," सर म्हणाले. नाझियाने लगेच मान हलवली. "हो सर. तेच मी म्हणते." तिची ती तत्परता त्यांना खटकली. खटका एवढाच.

दारात पुंजाभाऊ उभा होता. वर्कशॉपचा जुना माणूस, मूळचा सुरगाण्याकडचा. लोखंडाशी त्याचं जे काही बोलणं असेल ते तो लोखंडाशीच बोलायचा, माणसांना फक्त माप विचारायचा. "सर, पाइप कितीचा घेऊ? आज घेतला त उद्या वेल्डिंगचा डाग देता येईल. शनवारी मी नाय." नोट्सच्या हिशेबाने पंखावर एकोणीस पूर्णांक सात किलोचा भार येत होता, तो दुप्पट धरायचा हा सगळ्या इंजिनिअर लोकांचा रिवाज, म्हणजे चाळीस, चाळिसाला अर्धा इंच पुरतो. नाझियाच्या सॉल्व्हरच्या दुसऱ्या पानावर, तिने नोट्स बाजूला ठेवून मुळापासून मांडलेल्या हिशेबात, तोच भार चौतीस पूर्णांक सात होता. त्याला पाऊण इंच लागणार. दोन्ही पानं उघडी होती. एकावर सही करायची होती. सर म्हणाले, "चल, मीच येतो दुकानात." कामाच्या वेळी कॉलेजबाहेर पडायला एवढंसं कारण त्यांना सव्वीस वर्षांत कधी पुरलं नव्हतं.

हे सॉल्व्हर नाझियाने मागच्या पावसाळ्यात आणलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला होता. तेव्हाचं त्यांचं बोलणं त्यांना स्कूटर काढताना जसंच्या तसं आठवलं, कारण ते बोलणं त्यांना फार जमून आल्यासारखं वाटलं होतं: समीकरण सोडवणं म्हणजे पोहणं आहे, होडी आणलीत तर हातपाय मारायला कधी शिकणार? नाझिया म्हणाली होती, "सर, पोहणं येतं. पण सामान न्यायचंय."  मग एके दिवशी तासाच्या आधी ते सहज शेडमध्ये गेले आणि तिच्या मागे उभे राहून बघत राहिले. तासाला दहा मिनिटं उशीर झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी पाहिलं ते असं की ती समीकरणं कुठल्याही क्रमाने लिहीत होती. शेवटचं आधी, मधलं नंतर. जे शोधायचं ते डावीकडे एकटं आणून उभं करायची तिला गरजच नव्हती. ते अधेमधे, मुळाखाली, कंसात, दोन ठिकाणी, कुठेही पडलेलं चालत होतं. अहिरे सरांनी आयुष्यभर अज्ञाताला डावीकडे ओढून आणायचं काम केलं होतं. पक्षांतर करा, चिन्ह बदला, भागा, ओढा. बरोबरीचं चिन्ह न्यायी आहे असं म्हणून त्याच्या डावीकडे कायम एकाला उभं करून उजवीकडच्यांकडून त्याची चौकशी करवायची, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. हे यंत्र मात्र चिन्हाला खरोखरच चिन्हासारखं वागवत होतं. दोन्ही बाजू सारख्या. दाब दिला तर वेग सांगे, वेग दिला तर दाब. आणि दोन्ही दिले तर हवा विरळ किती असली पाहिजे ते सांगे. आधी ते मोजायचं: समीकरणं चौदा, अज्ञातं पंधरा. म्हणायचं, एक कमी आहे. रागावायचं नाही. नाझिया म्हणायची, "हां हां, देते," आणि तापमान टाकायची.

मुलांच्या प्रश्नांना सर कधी 'एक कमी आहे' असं म्हणाले नव्हते. ते म्हणायचे, 'गृहीत धरा.' समुद्रसपाटी गृहीत धरा. पंधरा अंश गृहीत धरा. पुस्तकातल्या त्या हवेत नाशकातल्या कुणी एकदाही श्वास घेतलेला नव्हता, आणि तिच्यात पुस्तकातली सगळी वाहनं पळत होती. नाझियाचं यंत्र गृहीत धरत नव्हतं. ते विचारायचं, कुठली हवा? आणि प्रत्येक आकड्यामागे, कशात? मीटर का फूट, किलो का न्यूटन. नुसता आकडा दिला तर ते त्या ओळीखाली लाल रेघ मारून ठेवायचं. मालेगावला तिच्या वडिलांचे, मुझफ्फरभाईंचे, चार यंत्रमाग होते, आणि ती एकदा म्हणाली होती की सूत किती नंबरचं हे विचारल्याशिवाय अब्बा धाग्याला हातही लावत नाहीत, त्यामुळे तिला हे घरच्यासारखंच वाटतं. सरांना तेव्हा हेवा वाटला होता. यंत्राचा नव्हे, ज्याला घरच्यासारखं वाटतं त्याचा.

पुंजाभाऊ मागे बसला. स्कूटर फाटकातून बाहेर पडली. निफाडची सकाळ त्यांना उगाचच आठवली. दहा दिवसांपूर्वी, सकाळी सात वाजता, द्राक्षबागांमधल्या एका सरळ रस्त्यावर मुलांनी सांगाडा पळवून पाहिला होता. विंग तेव्हा लाकडाच्या पट्ट्यांवर बांधलेली, वेग अगदी कमी, पंखावर लोकरीचे छोटे छोटे धागे चिकटवलेले. हवा पंखावरून नीट वाहते की सुटते ते धाग्यांवरून कळतं. पारा पाच अंशांवर. बागवाले शेकोट्या करून घडांना ऊब देत होते आणि धूर जमिनीलगत सरकत होता, जणू कुणी हवेला रंग देऊन दाखवत होतं की ही बघा, ही अशी असते. नाझिया कानाला मफलर गुंडाळून थर्मामीटर रस्त्यावर धरून बसली होती. "सर, इथली हवा जड आहे," ती म्हणाली होती, "थंड आहे ना. स्पर्धेला समुद्राकाठी गरम मिळणार. दोन्ही वेगळी मांडते." सर तेव्हा कुडकुडत चहा पीत होते. हवा जड आहे. त्यांना वाटलं, मी किती वर्षं हवा शिकवतो आणि हिने ती हातात धरलेली आहे. स्नेहल समोरून आली, हेल्मेटमधून फक्त डोळे, धागे सगळे मागे सपाट झालेले, एकही फडफडत नव्हता, आणि मुलं ओरडली. ती थांबली, हेल्मेट काढलं, म्हणाली, "मला काहीच जाणवलं नाही. म्हणजे चांगलं ना?" चांगलंच होतं. आता त्यांना तेच दृश्य दिसत होतं, फक्त पंख तिच्या डोक्यामागे नव्हता. तो कुठे गेला हे त्यांना बघायचं नव्हतं.

द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळं एकदम आलेलं होतं. धुळ्याचे ट्रक, पुण्याच्या बसेस, रिक्षा, ज्यांना कुठेच जायचं नाही अशा मोटारसायकली. सर मध्येच अडकले. मागून पुंजाभाऊ म्हणाला, "डाव्या अंगानं घ्या." डाव्या अंगाला एक हातगाडी होती. सहा हजार एकशे तेवीस. चूक कुठे असेल? नाझियाने काहीतरी उलटं टाकलं असेल. पण नाझिया उलटं टाकत नाही. आकडा नोट्समधला, पान एक्केचाळीस, शून्य दशांश शून्य शून्य दोनशे छप्पन्न; वेगाचा वर्ग करा, क्षेत्रफळाने गुणा, पंखाच्या गुणांकाने गुणा, या आकड्याने गुणा, भार किलोत मिळेल. सव्वीस वर्षं मिळालेला आहे. दोन हजारांवर मुलांना मिळाला, परीक्षेत मिळाला, उत्तरं जुळली. नोट्समधल्या गणितांची उत्तरं नोट्समागच्या उत्तरांशी जुळली. हे शेवटचं वाक्य त्यांच्या मनात आपोआप आलं आणि त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढून, वाहतूक हलत नव्हतीच, रोहिणीला लावला. ती शाळेत भूगोल शिकवते. मधली सुट्टी होती.

"सहा हजार मीटरवर काय असतं गं?"

"बर्फ," रोहिणी म्हणाली. "नाहीतर विमान. का हो?"

"काही नाही. आमची गाडी आहे तिथं."

"जेवलात का तुम्ही?" तिने विचारलं, आणि समोरचा ट्रक हलला.

पाइपवाल्याचं दुकान चौकापासून थोडं आत होतं. काउंटरवर नियाज होता. दोघांना ओळखत होता, कारण कॉलेजचं सगळं लोखंड तिथूनच जायचं. मागे नळ्यांच्या उभ्या रांगा, थंड, तेलकट, वाजतील अशा. सरांना हे दुकान नेहमी देवळापेक्षा शांत वाटायचं. नियाजने चहा सांगितला आणि विचारलं, "बोला सर, कितीचा?"

सर म्हणाले, "अर्ध..." आणि थांबले. मग म्हणाले, "वीस द्या."

"वीस काय?"

"वीस."

"सर, इंच बोला, एमएम बोला, फूट बोला. नुसतं वीस बोललात तर मी काय देऊ? वीस तर चहा पण होतो."

पुंजाभाऊ हसला. सर हसले नाहीत. त्यांना कुठल्याशा दिवाळीच्या सुट्टीतली दुपार दिसली. निमाणीजवळची दोन खोल्यांची जागा, पाटावर त्यांचे गुरू देवळालीकर सर यांच्या हातची वही उघडी, कापडी बांधणीची, कोपरे खाल्लेली. बाजूला शंकरपाळ्यांची वाटी. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा, त्याला पेन हवं होतं. झेरॉक्सवाल्याने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत द्या, टाइप करून ठेवतो. देवळालीकर सरांची वही जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून उतरलेली होती. वेग मैलांत. क्षेत्रफळ चौरस फुटांत. भार पौंडांत. नव्या अभ्यासक्रमाला ते चालणार नव्हतं, म्हणून कारभारी अहिरे नावाच्या तरुण, हुशार, नुकत्याच कायम झालेल्या प्राध्यापकाने लाल पेनने मैल खोडून किलोमीटर केलं, फूट खोडून मीटर केलं, पौंड खोडून किलो केलं. स्वच्छ अक्षरात. सगळीकडे. एकही जागा सुटली नाही. मुलाने पेन ओढलं, शंकरपाळं कुठेतरी चिरडलं गेलं, ते बोटाने झाडून त्यांनी पान उलटलं. आणि आकडा होता तसा राहिला.

नामपूरच्या बाजारात त्यांचे वडील, आप्पा, मापाडी होते. कांद्याची गोणी तोलायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे काम. शेर जाऊन किलो आले तेव्हा आप्पा विशीत होते, आणि त्या दिवसांतली एकच गोष्ट ते जन्मभर सांगत. एका व्यापाऱ्याने जुन्या शेरांच्या लोखंडी मापांनाच रंग देऊन त्यावर किलो असं लिहून घेतलं. हिरवा रंग, पांढरी अक्षरं. आप्पांनी एक माप उचललं, हातात झेललं, परत ठेवलं आणि म्हणाले, "वजन तेच शे, रंग नवा शे." सगळा बाजार हसला. त्या माणसाला मरेपर्यंत लोक किलोशेठ म्हणत. अहिरे सरांनी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली होती. वर्गात एककांचा धडा शिकवताना दरवर्षी सांगितलीही होती, आप्पांच्या अहिराणीची नक्कल करून, आणि मुलं त्या जागेवर हमखास हसत. त्याच तासाला ते पान एक्केचाळीस शिकवत. आता त्यांना काउंटरचा गार पत्रा तळव्याला लागत होता आणि मनात एवढंच येत होतं की किलोशेठने निदान मुद्दाम केलं होतं. त्याला माहीत होतं. आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं, आणि तरी आपली मापं दोन हजार घरांत गेली. दुप्पट धरायच्या रिवाजाने अब्रू राखली असेल. जिथे नोट्स निम्मं सांगत होत्या तिथे रिवाज दुप्पट करत होता, आणि दोघांनी मिळून कुठला तरी पूल, कुठलं तरी होर्डिंग, कुठलं तरी पत्र्याचं छप्पर आजवर उभं ठेवलं असेल. किंवा नसेल. हे सॉल्व्हरला विचारता आलं असतं, पण अज्ञातं फार होती.

"पाऊण इंची द्या," ते म्हणाले. "जाड भिंतीचा. दोन मीटर."

"सर, नोट्समदी त अर्धा पुरतो म्हणलं व्हतं पोरांनी," पुंजाभाऊ म्हणाला.

अहिरे सरांनी बाहेर पाहिलं. कुठल्याशा बसने लांबलचक हॉर्न दिला. तो संपेपर्यंत ते थांबले, कारण हे वाक्य हॉर्नखाली गेलं तर पुन्हा म्हणायचं धैर्य राहील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. "नोट्स चुकल्या आहेत, पुंजाभाऊ. पहिल्यापासून. माझ्याकडून."

पुंजाभाऊने पाइप उचलून डोळ्याला लावला, एका टोकाने आरपार बघितलं, सरळ आहे की नाही. "मंग पाऊणच घ्या," तो म्हणाला. सव्वीस वर्षांचा डोंगर हलायला एवढंच लागलं. नियाजने करवत लावली आणि चहा आला.

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी नाझियाच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. त्यांना खात्री करून घ्यायची होती. खात्री होतीच, पण शिक्षकाला ताळा केल्याशिवाय झोप येत नाही. ते दोन बोटांनी टाइप करत. मूळ समीकरण त्यांनी लिहिलं, त्याखाली नोट्समधलं लिहिलं, आणि पान एक्केचाळीसच्या आकड्याच्या जागी आकडा न घालता एक अक्षर ठेवलं: तूच सांग. हवा पुस्तकातलीच ठेवली, ज्या हवेची ती वही होती. किलोमीटर, मीटर, किलो. यंत्राने सांगितलं, शून्य दशांश शून्य शून्य चार आठ. मग त्यांनी एकेक शब्द बदलला, सव्वीस वर्षांपूर्वीच्या लाल पेनच्या उलट दिशेने. किलोमीटरच्या जागी मैल. मीटरच्या जागी फूट. किलोच्या जागी पौंड. कळ दाबली. डोळ्याचं पातं लवायच्या आत, समोर, देवळालीकर सरांच्या वहीतला आकडा आला. शून्य दशांश शून्य शून्य दोनशे छप्पन्न. तोच. कापडी बांधणीचा, खाल्लेल्या कोपऱ्यांचा. गुरू बरोबर होते. सरांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्याची त्यांना लाज वाटली. या यंत्राने त्यांना चूक दाखवली होती, आणि चुकीच्या मागे उभा असलेला एक बरोबर माणूसही परत दिला होता. ते कुणाचा पाणउतारा करत नव्हतं. त्याला त्यांच्या वयाशी, निळ्या कव्हरशी, सव्वीस जुलैंशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी दिलेलं सगळं त्याने खरं मानलं होतं, अगदी चुकीचा आकडासुद्धा, आणि तो खरा ठरण्यासाठी जग कसं असावं लागेल तेवढं प्रामाणिकपणे शोधून काढलं होतं. तुमचं बरोबर आहे सर, फक्त आपण सहा हजार एकशे तेवीस मीटरवर असायला हवं. इतक्या अदबीने त्यांना आजवर कुणी खोडलं नव्हतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की यंत्राला उंची कुणीतरी विचारली होती. दाब काढताना उंची कुणी विचारत नाही. स्पर्धेच्या गावची उंची नाझियाला माहीत होती, तिने दुसऱ्या पानावर ती टाकलेली होती. पहिल्या पानावर तिने ती मुद्दाम मोकळी सोडली होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

नाझिया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "काय, सर?"

"नाझिया."

"मंगळवारपासून." ती पडद्याकडे बघत बोलली. "मला वाटलं माझंच चुकलंय. तीनदा बघितलं. मग स्नेहलला दाखवलं."

"मी म्हटलं, सरांना सांग," सांगाड्यातून स्नेहल म्हणाली. ती अजून तिथेच होती, आता तिच्या गुडघ्याचं माप चाललं होतं. "ही म्हणते, सरांना कसं सांगणार. मी म्हटलं, मग मी बसणार नाही गाडीत. मग हिने ते उंचीचं काढलं."

"सर, अब्बांचे उस्ताद होते," नाझिया म्हणाली, "त्यांचा ताणा चुकला तर अब्बा म्हणायचे, उस्ताद, मशीन कुरकुर करतंय, जरा बघता का. मग ते स्वतःच बघायचे."

"आणि मी अनुभव नसतो म्हणून निघून गेलो असतो तर? सही करून?"

"मग चार वाजता सांगितलं असतं," ती म्हणाली. "सरळ. रडले असते, पण सांगितलं असतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षांची मुलगी, बोटांना ग्रीस, आणि मंगळवारपासून गुरुवारपर्यंत तिने हे ओझं कसं वाहून आणलं असेल. दोन दिवस, न सांडता. सामान न्यायचंय म्हणाली होती. त्यांनी अहवालाचं पहिलं पान वळवलं, चौतीस पूर्णांक सात लिहिलेल्या पानाखाली सही केली, तारीख घातली, आणि सहीखाली जागा होती तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं की या संघाने मार्गदर्शकाच्या नोट्समधली एक चूक शोधून दुरुस्त केली आहे. नाझिया म्हणाली, "सर, हे नको." ते म्हणाले, "एकक लिहिलंय नुसतं." तीन वाजून दहा मिनिटांनी अहवाल चढला.

सोमवारी त्यांनी वर्गात सांगितलं. कसं सांगायचं याची रविवारभर तयारी केली होती. आरशासमोर नाही, गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींसमोर. किलोशेठची गोष्ट सांगितली, आप्पांच्या आवाजात, मुलं नेहमीच्या जागेवर हसली, आणि मग ते म्हणाले, "तो किलोशेठ म्हणजे मी. पान एक्केचाळीस काढा."  डब्याचं झाकणसुद्धा वाजलं नाही. त्यांनी फळ्यावर जुना आकडा लिहिला, त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी नवा लिहिला, मग कुठली हवा, कशात, ते सगळं लिहिलं. बरोबरीचं चिन्ह काढताना हात जरा थांबला. दोन रेघा, सारख्या लांबीच्या. त्यांना वाटलं, आज पहिल्यांदा नीट आल्या. दुसऱ्या बाकावर हुजैफा नावाचा एक शांत मुलगा होता, कधी न बोलणारा. त्याने हात वर केला.

"सर, परीक्षेत कोणता लिहायचा?"

"बरोबर असेल तो."

"बरोबर असलेला कळला, सर," हुजैफा म्हणाला. "पण तपासणाऱ्यांकडेही अहिरेच असतो."

 सर म्हणाले की दोन्ही लिहा, आणि कोणता कशात ते लिहा. निम्म्या वर्गाने तेवढंच लिहून घेतलं. झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी स्वतः जाऊन चिकटवायच्या पट्ट्या छापून दिल्या, पान एक्केचाळीससाठी, आणि शिल्लक प्रतींवर उभं राहून एकेक लावली. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, मागच्या वर्षीच्या मुलांचं काय?"  त्यांनी दहा पट्ट्या जास्त घेतल्या आणि खिशात ठेवल्या. कुणी भेटलं तर. आजही एखाद्या लग्नात, पाकीट काढताना, त्यातली एखादी बाहेर येते.

फेब्रुवारीत गाडी टेम्पोतून दक्षिणेला गेली. सर बरोबर गेले, पुंजाभाऊ गेला, स्नेहल आणि नाझिया रेल्वेने आधी पोचल्या होत्या. पहिल्या दिवशी ब्रेकची चाचणी नापास झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी पास झाली. ट्रॅकवर चौतीस अंश होते आणि समुद्राकडून वारा येत होता. स्नेहल पंखाच्या सावलीत बसली, हेल्मेटमधून फक्त डोळे, आणि गाडी निघाली तेव्हा अहिरे सरांनी पाइपच्या दोन दांड्यांकडे असं बघितलं जसं माणूस मुलाच्या पहिल्या सायकलीकडे बघतो. दांड्या हलल्या नाहीत. पंख जागचा सरकला नाही. काळा, उलटा, तो हवेला खाली ढकलत वळणावरून गेला, आणि सरांना वाटलं की ही एवढी एक गोष्ट आपल्या सहीने धरून ठेवलेली आहे. दीड फेरीनंतर चेन निसटली. गाडी ढकलत आणली. नाझियाने गाडीतल्या वेगनोंदीचे आकडे काढून सॉल्व्हरला दिले, त्या दुपारची हवा दिली, कळ दाबली, आणि लॅपटॉप सरांकडे वळवला. सगळ्या दीड फेरीतला सर्वांत जास्त वेग ताशी सत्तेचाळीस किलोमीटर होता, हिशेब ऐंशीचा धरलेला; पंखावरचा भार बारा किलो. तेवढ्याला अर्धा इंचही पुरला असता.